मान ठेवायचा, की मान तुकवायची?

पत्र

ताई,

मी देव मानत नाही. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण मानते, आणि मनापासून मानते. वीस वर्षांत यावरून आमचं कधी बिनसलं नव्हतं. तिच्या घरी प्रार्थना असली की मी मागे गप्प उभी राहायचे. ती माझ्याकडे आली की देवाचा विषय काढायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या घरी सगळे जमले होते. माझी बहीण आणि तिचा चार वर्षांचा मुलगाही होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. बोलता बोलता मैत्रीण म्हणाली, "देव उगाच काही करत नाही. घरातल्या कुणाच्या तरी हातून काहीतरी घडलेलं असतं, त्याचं हे फळ. मनापासून क्षमा मागितली की तो वाट दाखवतो." बहिणीच्या तोंडावर! माझा तोल गेला. मी म्हणाले, "असला मूर्खपणा माझ्या घरात नको. तुम्ही श्रद्धाळू लोक सगळे असेच, डोकं गहाण टाकलेले." ती रडत निघून गेली. बहीण एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं."

रात्री मैत्रिणीचा मेसेज आला: "तू स्वतःला सहिष्णू म्हणवतेस ना? सहिष्णू समाजात दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करावा लागतो. तू माझ्या श्रद्धेचा अपमान केलास, म्हणजे माझाच केलास."

ओळखीतल्यांमध्ये आता दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, कुणाच्या श्रद्धेला हात लावूच नये. काही म्हणतात, बरं झालं, चांगलं सुनावलंस. पण आईच्या शेवटच्या आजारपणात हीच मैत्रीण अकरा रात्री दवाखान्यात बसून होती, आणि तेही देवाचंच काम समजून. आता तिच्या प्रार्थनेत गप्प उभं राहणंसुद्धा मला ढोंग वाटायला लागलंय. तिच्या श्रद्धेचा आदर मी करायलाच हवा का? माफी मागू का? आणि मागायची तर नेमकी कशाची?

— दुखावलेली, आणि दुखावणारीही

उत्तर

दुखावलेली आणि दुखावणारीही,

सही आवडली तुमची. अर्धं उत्तर तिच्यातच आहे, पण अर्ध्या उत्तरावर मला कुणी सदर चालवू देणार नाही.

तुमच्या पत्रातल्या पहिल्या दोन वाक्यांत 'मानणे' हे क्रियापद तीनदा आलंय. तुमच्या भांडणाची गाठ मला तिथेच दिसते. मराठीत देव मानतो म्हणजे तो आहे असं धरून चालतो. सरांना मानतो म्हणजे त्यांच्याबद्दल आदर आहे. 'मानलं बुवा तुला' ही दाद झाली, आणि 'मान्य' म्हणजे पटलं. एकाच धातूतून इतके अर्थ निघाले की बोलणारा एक म्हणतो, ऐकणारा दुसराच ऐकतो. शिवाय आपल्याकडे मान दोन आहेत. ठेवतात तो मान पुल्लिंगी, तुकवतात ती मान स्त्रीलिंगी. व्याकरणाने दोघांना वेगळं ठेवलंय. तुमच्या मैत्रिणीने पहिला मागता मागता दुसरी मागितली, आणि तुम्ही दुसरी नाकारता नाकारता पहिलाही हिसकावून घेतलात.

तिच्या मेसेजमधला 'आदर' एक शब्द दिसतो, पण आत पायऱ्या आहेत. तिला तिच्या देवाची प्रार्थना करू द्यावी, आड येऊ नये, ही सगळ्यात खालची पायरी. तिच्यापुढे बोलताना भान ठेवावं, ही त्यावरची. तिचा विश्वास मोलाचा आहे असं वाटावं, ही आणखी वरची. आणि तो खरा आहे असं धरून तुम्हीही वागावं, निदान गप्प बसावं, ही शेवटची. लोक पहिल्या पायरीवर उभे राहून हो म्हणून घेतात आणि हळूच शेवटच्या पायरीचं भाडं मागतात. तुमची मैत्रीण हे मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. शब्दच घसरडा आहे.

आता सहिष्णुता. हा शब्द 'सह्' या धातूपासून आला, म्हणजे सोसणं. जे आवडतं, पटतं, ते सोसावं लागत नाही. कुणी 'मी पुरणपोळी सहन करतो' म्हणतं का? (उदाहरण वाईट आहे, पण मुद्दा कळला असेल.) सहिष्णुतेची गरजच तिथे पडते जिथे समोरच्याचं म्हणणं आपल्याला चुकीचं वाटतं आणि तरीही आपण त्याला जगू देतो. म्हणून 'सहिष्णू असशील तर आदर कर' हे वाक्य मला उलटं वाटतं. आदर असता तर सहिष्णुतेचं काम काय होतं?

ज्यांनी ही कल्पना घडवली त्यांनीही आदराची अट घातली नव्हती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचं सहिष्णुतेवरचं पत्र 1689 मध्ये प्रसिद्ध झालं. ते त्याने हॉलंडमध्ये परागंदा असताना लिहिलं होतं. त्याचा एक मुद्दा साधा होता: जबरदस्तीने माणसाच्या तोंडून काहीही वदवता येतं, पण त्याच्या मनाला काही पटवता येत नाही, मग त्या वदवण्याचा देवाला तरी काय उपयोग? पंथांनी एकमेकांच्या समजुतींना थोर म्हणावं असं त्याने कुठे सांगितलं नाही, फक्त एकमेकांवर सत्तेचा दंडुका उगारू नका एवढंच मागितलं. जाता जाता सांगते, देव न मानणाऱ्यांना त्याने या सवलतीतून वगळलं होतं, कारण त्यांच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न. म्हणजे लॉकच्या राज्यात तुमची पंचाईतच होती.

पुढे तीही कसर भरून निघाली. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 18 वं कलम विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं, धर्म बदलण्याचंसुद्धा. पण ते देतं कुणाला? प्रत्येक माणसाला. कुठल्या समजुतीला नाही. मैत्रिणीला हक्क आहे, तिच्या वाक्याला नाही. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही स्पष्ट केलं की धर्माबद्दल अनादर दाखवला एवढ्यावरून बंदी घालणारे कायदे नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराशी जुळत नाहीत. द्वेष भडकावून हिंसेला किंवा भेदभावाला चिथावणी देणं हा अपवाद, आणि तो योग्यच आहे.

हे सगळं तुमच्या बाजूचं वाटतंय ना? थांबा. मला या विषयात सगळ्यात जास्त शिकवणारा खटला श्रद्धाळूंनी लढवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं शाळेत झेंड्याला वंदन करायला नकार देत होती. देवाशिवाय कशापुढेही नतमस्तक व्हायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. बाकीच्यांच्या दृष्टीने हा उघड अनादर होता, तोही ऐन युद्धाच्या तोंडावर. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यानंतर ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर जमावाचे हल्ले झाले. तीनच वर्षांत, 1943 मध्ये, न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला: मुलांना वंदन करायला भाग पाडता येणार नाही. सक्तीने खाली गेलेल्या मानेत आदर नसतो, हे तेव्हा श्रद्धाळू मुलांनी सांगितलं. आज तुम्ही मैत्रिणीच्या समजुतीपुढे मान तुकवायला नकार देताय तो याच तत्त्वावर. ती तुमची वैरीण नाही, या बाबतीत तुम्ही दोघी एकाच बाकावर बसता.

आता तिच्या मूळ वाक्याकडे येऊ. 'घरातल्या कुणाच्या तरी हातून घडलेल्याचं फळ.' प्रार्थनेतून मिळणारी शांती, देव जवळ असल्याची जाणीव, हे तिचं आतलं आहे, त्यावर तुम्ही काय बोलणार? पण हे वाक्य आतलं नाही. ते जगाबद्दलचं विधान आहे, आणि समोर बसलेल्या एका बाईवरचा आरोप आहे. आरोप कुठूनही आला तरी त्याला पुरावा मागायचा असतो. मूल जन्मतः ऐकू शकत नाही याची कारणं बरीच असतात. तुमच्या भाच्याच्या बाबतीत कुठलं, हे डॉक्टर सांगतील. पण एक नेहमी आढळणारं कारण असं: आई आणि वडील दोघांनाही चांगलं ऐकू येतं, दोघांकडेही एका जनुकाची एकेक सदोष प्रत असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. बाळाकडे दोन्ही सदोष प्रती आल्या की त्याला ऐकू येत नाही. प्रत्येक गरोदरपणात याची शक्यता चारात एक. कधी गर्भारपणात सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा संसर्ग होतो, तोही असा की आईला चाहूलही लागत नाही. यात अपराधी शोधायचा तर कुणाला धरणार?

आणि गंमत बघा. तुम्ही धर्माचं नाव लिहिलं नाहीत, बरंच केलंत, कारण नाव कुठलंही असतं तरी हे वाक्य एकट्या नास्तिकांनी खोडलंय असं नाही. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याला हेच ऐकवतात, तू काहीतरी पाप केलं असशील म्हणून हे भोगतोयस. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईवडिलांनी? येशू दोघांवरचाही ठपका नाकारतो. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणं मोजून दाखवतो आणि असं सरसकट म्हणणारे चुकतात असं सांगतो. म्हणजे मैत्रिणीचं वाक्य न पटणं हा श्रद्धेचा अपमान असेल, तर तो करणाऱ्यांत मोठमोठे श्रद्धाळू आधीच उभे आहेत.

तेव्हा 'कुणाच्या श्रद्धेला हात लावू नये' म्हणणाऱ्या तुमच्या मंडळींशी मी सहमत नाही. वर मला त्यांच्या म्हणण्यात एक छुपी तुच्छता दिसते. आपण वाद कुणाशी घालत नाही? लहान मुलांशी, आजाऱ्यांशी. मोठ्या, शहाण्या बाईला 'तिला काही बोलू नका, ती श्रद्धाळू आहे' म्हणणं हा तिचा मान कसा?

इथपर्यंत तुमची बाजू. आता तुमचं दुसरं वाक्य.

'तुम्ही श्रद्धाळू लोक सगळे असेच, डोकं गहाण टाकलेले.' पहिल्या वाक्यात निदान तिचं विधान तरी तुमच्या समोर होतं. दुसऱ्यात तुम्ही विधान सोडलंत आणि माणसं धरलीत. तीही सगळी. दवाखान्यात अकरा रात्री जागलेली बाईसुद्धा त्या 'सगळे'मध्ये आली.

'तुम्ही सगळे असेच' हे वाक्य कुठवर जातं, याची एक गोष्ट सांगते. 1761 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात झां कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याचा तरुण मुलगा घरात मृतावस्थेत सापडला. शहर कॅथलिक होतं. पोराला धर्म बदलायचा होता म्हणून बापानेच मारलं, प्रोटेस्टंट असेच असतात, अशी आवई उठली. पुढच्या वर्षी 10 मार्चला त्या म्हाताऱ्याला चाकावर हाडं मोडून मारण्यात आलं. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने हे प्रकरण उचललं, लिहून लिहून युरोपभर गाजवलं, आणि 1765 मध्ये कालास निर्दोष ठरला. मेल्यावर. व्हॉल्तेअरला कालासच्या पंथाबद्दल प्रेम नव्हतं. धर्ममतांची टर उडवण्यात तर त्याची हयात गेली. पण कालास या माणसासाठी तो तीन वर्षं झगडला. श्रद्धेला मान न देता माणसाला मान देणं म्हणजे काय, हे मला याहून चांगलं सांगता येत नाही. तुमच्या बैठकीच्या खोलीत चाक नव्हतं, मान्य. वाक्य मात्र तेच होतं.

तिच्या मेसेजमधला शेवटचा भागही झटकून टाकू नका: 'म्हणजे माझाच केलास.' 'टीका मतावर करा, माणसावर नको' हे आपण किती सहज म्हणतो! करणाऱ्याला ते सोपंच असतं. तिच्यासाठी श्रद्धा म्हणजे हवामानाबद्दलचं मत नव्हे. संकटात ती ज्या जमिनीवर उभी राहते, ती ती जमीन आहे. तिथे कुदळ मारली की पाय हादरणारच. तिला लागलं हे खरं आहे. पण लागलं म्हणून तुमचं म्हणणं चूक ठरत नाही, तसंच तुमचं म्हणणं बरोबर होतं म्हणून तिचं लागणं खोटं ठरत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत विरघळत नाहीत, आणि त्या विरघळवायच्या भानगडीत मी पडणार नाही.

सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात याबद्दल एक शहाणी गोष्ट कोरलेली आहे. बोलण्यावर संयम हवा, म्हणजे काय तर स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा प्रसंग नसताना करू नये, आणि प्रसंग असेल तेव्हाही ती हलकी असावी. अशोकाची अपेक्षा माझ्यापेक्षा जास्त आहे, तो इतर पंथांचा गौरवही करायला सांगतो. तेवढं मी तुमच्याकडे मागत नाही. पण त्याची ही दोन मापं वापरून बघा. प्रसंग होता का? होता. बहिणीवर आरोप झाला होता, तिथे गप्प बसणं बरं दिसलं नसतं. हलकं होतं का? ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. 'सुनावलंस' म्हणून टाळ्या वाजवणारे हे दुसरं माप विसरतात.

राहिल्या त्या अकरा रात्री. तुमचा खरा गुंता हाच आहे, म्हणून जरा थांबते. काही जण तुम्हाला सांगतील, ती मुळातच चांगली आहे, देव नसता तरी आली असती. असं म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि ती स्वतः सांगतेय की हे देवाचं काम म्हणून केलं. तिचं म्हणणं तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं असं समजू नका. ज्या श्रद्धेने तिला दवाखान्यातल्या खुर्चीवर बसवलं, त्याच श्रद्धेने तिच्या तोंडून ते वाक्य काढलं. दोन्ही एकाच घरातून आलं. पण म्हणून तुम्हाला अख्खं घर विकत घ्यावं लागतं किंवा अख्खं पाडावं लागतं, असं नाही. आदर घाऊक द्यायचा नसतो. तिच्या श्रद्धेतल्या सेवेला तुम्ही मनापासून मानू शकता, आणि तिच्यातल्या शिक्षेच्या हिशेबाला साफ नाही म्हणू शकता. श्रद्धाळू माणसंही मनातल्या मनात अशीच निवड करत असतात, फक्त बोलून दाखवत नाहीत.

प्रार्थनेत गप्प उभं राहणं ढोंग आहे का? मला नाही वाटत. तिथे तुम्ही तिला सोबत करता, तिच्या देवाला नाही. जे शब्द पटत नाहीत ते तोंडाने म्हणणं ढोंग ठरलं असतं, आणि ते तिनेही कधी मागितलं नाही असं दिसतं. वीस वर्षं जमलेली गोष्ट रागाच्या भरात मोडू नका.

आता माफी. मागा. पण मोजून मागा. 'तुझी श्रद्धा दुखावली म्हणून माफ कर' असलं गुळमुळीत नको, कारण त्यात तुम्ही काय चुकलात ते येतच नाही. फोनवरही नको, समोर बसून. शब्द तुमचे तुम्ही निवडाल, पण आशय साधारण असा असू दे: "मी तुला डोकं गहाण टाकलेली म्हणाले आणि तुमच्या सगळ्यांना एका दोरीत बांधलं, ते चुकलं. आईपाशी तू बसलीस ते मी विसरलेले नाही. पण बाळाला ऐकू येत नाही ही कुणाची शिक्षा आहे, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही, आणि माझ्या बहिणीपुढे ते पुन्हा बोललं गेलं तर मी पुन्हा अडवीन. आवाज न चढवता." एवढं बोलून थांबा. तिच्याकडून परतीची माफी लगेच मागू नका. ती ईयोबाच्या गोष्टीवरून वाद घालायला लागली तर घालू द्या, वाद घालणारी मैत्रीण रुसलेल्या मैत्रिणीपेक्षा केव्हाही बरी. ती उठून गेली तर जाऊ द्या. तुमच्या वाटणीचं तुम्ही केलेलं असेल.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी करा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही दुखावल्या आहात, मैत्रीण दुखावली आहे, तिची श्रद्धा दुखावली आहे, ओळखीतले दोन्ही तट तावातावाने बोलतायत. आणि जिच्या मुलाबद्दल ते वाक्य होतं, ती बहीण अख्ख्या पत्रात एकदाच बोलते, तीन शब्द. त्यानंतर दोन महिन्यांत ती काय म्हणाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित विचारलंच नसेल. त्या दिवशी तिला काय वाटलं, तिला राग मैत्रिणीचा आला की तुम्ही तिच्या मुलावरून घरात तमाशा केलात याचा, की घरी जाऊन ती रात्रभर 'माझ्या हातून काय घडलं असेल' हेच मोजत बसली, हे तिला विचारा. आज संध्याकाळी जा. मैत्रिणीकडे उद्या गेलात तरी चालेल.

— ताई